लंगोट कोण धुणार?

घरात बाळ आलं, की बारसं व्हायच्या आतच एका प्रश्नावरून घराचे दोन तट पडतात. बाळाला डायपर लावायचा, की आपला सुती लंगोट? सासूबाई म्हणतात, "आम्ही काय डायपर लावून वाढवली का पोरं? कापडाचंच बरं बाई." पुण्याहून आलेली नणंद म्हणते, "अगं, कशाला एवढा त्रास? एक लावला की रात्रभर चिंता नाही." शेजारच्या काकू, मेडिकलवाला, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळ्यांचं मत ठरलेलं. आणि जिला पंधरा दिवसांपूर्वी टाके पडलेत, ती बिचारी दोन्हीकडे बघून मान हलवते.

बचत गटाच्या कामानिमित्त आमच्या तालुक्यातल्या अनेक घरांत माझं जाणं-येणं असतं. हा वाद कानावर आला, की मी एकच प्रश्न विचारते. लंगोट वापरा म्हणता ना, मग धुणार कोण? त्यावर घरात जी शांतता पसरते, तिच्याबद्दलच आज मला लिहायचं आहे.

आधीच सांगून टाकते, माझं मत कापडाच्या बाजूचं आहे. जुनं ते सोनं म्हणून नव्हे, तर त्याला चांगली कारणं आहेत म्हणून.

पहिलं कारण बाळाच्या अंगाचं. बाळंतविड्यात झबली-टोपडी नवी असत, पण लंगोट आणि दुपटी मात्र आजीच्या नऊवारीची नाहीतर आजोबांच्या धोतराची. त्यात काटकसर होतीच, पण शहाणपणही होतं. नव्या कापडाला खळ असते. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड मऊ झालेलं असतं आणि ओल चटकन शोषून घेतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अंगावर पिणाऱ्या बाळाने पहिला आठवडा संपत आला, की २४ तासांत निदान ६ वेळा शू करायला हवी. आईचं दूध बाळाला पुरतंय की नाही, हे ओळखायची ही घरच्या घरी करता येण्याजोगी मोठी सोपी खूण आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात, तेव्हा त्यांना हे सांगता यायला हवं. लंगोट असला तर आईला तोंडपाठ असतं, सकाळपासून चार झाले म्हणून. डायपरमध्ये एकदा झाली की तीनदा, कळायला मार्ग नाही. मग बाळ जरा रडलं, की "दूध पुरत नाही वाटतं" असा कोणीतरी सूर लावतो आणि वरचं दूध सुरू होतं. वलणीवरचे सहा ओले लंगोट अशा वेळी आईच्या बाजूने साक्ष देतात.

तिसरं कारण पैशाचं. एक डायपर १० रुपयांना पडतो आणि दिवसाला ६ लागतात असं धरा. महिन्याचे १,८०० रुपये झाले, दोन वर्षांचे ४३,२०० रुपये. मूल मोठं होतं तसे डायपर कमी लागतात, म्हणून यातले काही हजार वजा करा. तरी उरते ती रक्कम आपल्यासारख्या घरात लहान नसते. आणि खरा धोका पुढेच आहे. डायपर महाग, म्हणून तो वाया जाऊ नये असं वाटतं. "अजून भरला नाही, राहू दे" म्हणत तोच डायपर आठ-दहा तास बाळाच्या अंगावर राहतो. पैसे वसूल होतात, पण बाळाची कातडी सोलवटते.

आता डायपरची बाजूही ऐकू या, कारण डायपर लावणाऱ्या आईला आळशी म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. या वस्तूच्या मुळाशीही एक थकलेली आईच आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात मॅरिअन डोनोव्हन नावाची एक बाई बाळाचे कपडे आणि अंथरूण बदलून बदलून टेकीला आली. तिने न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा कापला आणि लंगोटावरून घालायची, पाणी न झिरपणारी चड्डी शिवली. कारखानदारांनी तिला दाद दिली नाही. मग तिने ती स्वतःच विकायला आणली. १९४९ साली ती न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात विक्रीला लागली आणि १९५१ साली पेटंट मिळालं. एकदा वापरून फेकायचे डायपर घरोघर पोचले, ते त्यानंतरच्या दशकांत.

या फेकायच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा असतो, ओल शोषून जेलीसारखी फुगणारी बारीक कणी असते आणि वर-खाली प्लॅस्टिकचे थर असतात. ते काही विष नाही. वेळेवर बदलला तर बाळाची कातडी कोरडी राहते. दवाखान्यात जाताना, एसटीच्या चार तासांच्या प्रवासात, लग्नकार्यात किंवा आई तापाने फणफणली असेल त्या रात्री डायपर लावला, तर त्यात कमीपणा कसला?

प्रश्न आहे तो काढून टाकलेल्या डायपरचा. आपण पिशवीत गुंडाळतो, घंटागाडीत टाकतो आणि आपल्या लेखी तो संपतो. पण तो संपत नाही. त्यातलं प्लॅस्टिक आपल्या नातवंडांच्या काळातही तसंच असणार. लहान गावांत तर घंटागाडीपर्यंतही तो पोचत नाही. ओढ्याच्या काठी, गटारात, गावाबाहेरच्या उकिरड्यावर तो पडतो आणि कुत्री त्याला रस्ताभर ओढत नेतात. संडासात टाकला तर फुगून तुंबतो आणि तो काढायला कोणालातरी हात घालावा लागतो.

तो हात कोणाचा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पुण्यातल्या कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेतल्या बायकांनी २०१३ साली घरोघरच्या कचऱ्यात उघडेच येणारे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा केले आणि पिशव्या भरभरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. नॅपकिनची काय आणि डायपरची काय, कथा एकच. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत सरकारने लिहिलं, की असा कचरा नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा आणि गुंडाळायची पिशवी कंपनीने पाकिटाबरोबर द्यायची. तेव्हा डायपर लावावा लागला, तर एवढं तरी आपण पाळू या. आतली शी आधी संडासात टाकायची. डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधायचा, वर लाल ठिपका काढायचा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळा हातात द्यायचा. उचलणाऱ्या ताईला न उघडता कळतं, आत काय आहे ते.

म्हणजे बघा, डायपर घेतला की त्याचं काम परक्या बाईच्या हातावर जातं. लंगोट घेतला की घरातल्या बाईच्या हातावर येतं. दोन्हीकडे बाईचाच हात. वादात मत द्यायला मात्र सगळे!

"आमच्या वेळी कुठे होते डायपर?" असं म्हणणाऱ्या पिढीबद्दल मला आदर आहे, पण त्या वेळी धुणारे हात किती होते, तेही आठवायला हवं. भरलेलं घर असायचं. एखादी विधवा आत्या किंवा काकू असायची, तिच्या वाट्याला न सांगता हे काम यायचं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई यायची, ती जाताना लंगोटांची बादली काढून जायची. बाळंतिणीच्या कपड्यांचा विटाळ मानायचे, म्हणून घरातल्या पुरुषाने त्यांना बोट लावायचा प्रश्नच नव्हता. त्या आत्याला कोणी विचारलं नाही आणि त्या बाईला वेगळे पैसे कोणी दिले नाहीत. ते सुख अशा फुकटच्या हातांवर उभं होतं.

आता आत्या नाहीत, आणि अशी कोणाला राबवणारी घरं नाहीत, हे चांगलंच झालं. पण काम तेवढंच आहे. नवजात बाळाचे दिवसाला बारा-पंधरा लंगोट सहज होतात. सिझेरियन झालेल्या मुलीला डॉक्टर साधारण सहा आठवडे जड उचलू नको म्हणून बजावतात. भरलेली बादली जड नाही तर काय? रात्री तीनदा उठून पाजायचं, सकाळी उकिडवं बसून लंगोट घासायचे आणि वर ऐकायचं, की कापडाचंच वापर हो, बाळाच्या हिताचं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हेच. मग ती मुलगी गुपचूप डायपरचं पाकीट मागवते, तेव्हा तिला नावं ठेवण्याआधी आपण मोरीत डोकवावं.

म्हणून माझं म्हणणं असं. लंगोट हा घराने घ्यायचा निर्णय आहे आणि तो घ्यायचा, तर धुण्याची वाटणीही त्याच दिवशी करायची. ज्याने "कापडाचंच" म्हटलं, त्याने बादलीला हात लावायचा.

वडिलांपासून सुरुवात करू या. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. आपल्या गावांतले बहुतेक बाप दुकानदार, शेतकरी, ड्रायव्हर, गवंडी. त्यांना कसली रजा! पण सकाळी कामावर जायच्या आधीची वीस मिनिटं आणि रात्री आल्यावरची वीस मिनिटं प्रत्येकाकडे असतात. लंगोट विसळून, साबणाने धुऊन वलणीवर टाकायला त्याहून जास्त वेळ लागत नाही. पाजण्याचं काम बाप करू शकत नाही हे खरं, पण धुण्याचं काम करायला देवाने त्यालाही दोन हात दिलेत. आजोबांनी बातम्या बघता बघता घड्या घालाव्यात. आजीने बाळाला पायांवर घेऊन 'शू-शू' करायची आपली जुनी सवय चालू ठेवावी, तेवढाच एक लंगोट वाचतो. आणि मालिशवाल्या मावशींना "जाता जाता तेवढे लंगोट काढा" असं सांगणार असाल, तर त्याचे पैसे वेगळे ठरवा.

काहींच्या घरी वॉशिंग मशीन असतं. मशीनमध्ये लंगोट धुवायला काहीच हरकत नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी अभ्यास झाला. कापडी लंगोट पर्यावरणाला चांगला, की फेकायचा डायपर? उत्तर आलं, की ते धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. मशीन भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापड सरस. गरम हवेच्या यंत्रात वाळवत बसलं, तर फायदा निघून जातो. तिथल्याच २०२३ च्या अहवालात कापडी लंगोटामुळे होणारं हवामानाचं नुकसान डायपरपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघालं. मला हे वाचून गंमत वाटली. दोरी, ऊन आणि थोरल्याचं धाकट्याला, या तीन गोष्टी आपल्याला कोणी शिकवायला नकोत.

आता निवड कशी करायची, ते बघू. साधा लंगोट सगळ्यांत स्वस्त आणि लवकर वाळणारा. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी पंचवीस-तीस हवेत. जुन्या सुती साडीचे, ओढणीचे, मलमलचे घरीच शिवा. कडा दुमडून घ्या, कारण सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन बोट सुजू शकतं. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा. नाडी इतकीच आवळा, की आपली दोन बोटं आत जातील. सेफ्टी पिन नकोच.

बाजारात हल्ली बटणांचे कापडी डायपरही मिळतात. बाहेर पाणी न झिरपणारं कव्हर आणि आत घडीचं शोषणारं कापड, ज्याला इन्सर्ट म्हणतात. एकेकाला तीनशे-चारशे रुपये मोजावे लागतात, म्हणून एकदम डझनभर घेऊ नका. दोन घ्या, आपल्या बाळाला आणि आपल्या पाण्याला झेपतात का बघा. घेताना आतलं कापड हातात धरून पाहा. सुती असेल तर उत्तम. मायक्रोफायबरचं असेल तर ते कातडीला थेट लागू देऊ नका, ते कातडी फार कोरडी करतं. नवं सुती इन्सर्ट पहिल्याच दिवशी नीट शोषत नाही, चार-सहा धुण्यांनंतर त्याला शोषण येतं, तेव्हा गळलं म्हणून लगेच नाराज होऊ नका. कव्हर उकळू नका आणि त्यावर इस्त्री फिरवू नका. आणि कव्हर असलं तरी दोन-तीन तासांनी, शी झाली तर लगेच, बदलायचंच.

धुण्याचीही रीत आहे. बाळाची शी म्हणजे निरुपद्रवी, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे, तिच्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून ती उघड्या गटारात न टाकता संडासात टाकायची. लंगोट आधी गार पाण्यात खळबळायचा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण किंवा पावडर बेताने आणि फेस जाईपर्यंत विसळणं भरपूर. कापडात राहिलेल्या साबणाने बाळाचं अंग लाल होतं. जंतुनाशकाचं झाकण रोज ओतायची गरज नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध तर नकोच, त्याने कापडाचं शोषण जातं. सुती लंगोट अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढा. कडक उन्हासारखा दुसरा धोबी नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ऊनच नसतं, तेव्हा पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा. पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवत. तो धूर बाळ-बाळंतिणीच्या खोलीत नको. धुतल्यावर साबणाने हात धुवायचे, हे सांगायला नकोच.

लंगोट लावूनही बाळाला पुरळ येऊ शकतं. ओल, घर्षण आणि शी कातडीला लागून राहणं ही त्याची कारणं. नुसत्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, थोडा वेळ उघडं राहू द्या आणि खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. पावडर थापू नका, ती श्वासावाटे बाळाच्या छातीत जाते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, जांघेतल्या घड्यांत लालभडक पुटकुळ्या दिसल्या, पू किंवा ताप आला, तर थेट डॉक्टरांकडे जा. आणि लंगोटावरून बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून आवळू नका. बेडकासारखे दुमडलेले पाय मोकळे राहिले, तरच खुब्याचा सांधा नीट वाढतो.

हे सगळं मी मांडते आहे ते नळाला पाणी आहे असं धरून. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावात आठ-दहा दिवसांनी नळ येतो, टँकरमागे घागरी घेऊन धावावं लागतं, तिथल्या आईला लंगोटाचे दोन-तीन बादल्या पाणी कुठून काढ म्हणून सांगायचं? तिने त्या दिवसांत डायपर लावला, तर तो तिचा दोष नाही. तिला उपदेश करण्याऐवजी नगरपालिकेत जाऊन पाण्याचा आणि घंटागाडीचा प्रश्न विचारणं, हे आपल्यासारख्यांचं काम आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. घरी लंगोट, प्रवासात डायपर आणि टंचाईत जसं जमेल तसं, एवढा सैलपणा प्रत्येक आईला मिळायला हवा.

मैत्रिणींनो, पुढच्या डोहाळजेवणाला किंवा बारशाला जाल, तेव्हा चौथा खुळखुळा आणि पाचवी फोटोफ्रेम नेऊ नका. डझनभर मऊ सुती लंगोट शिवून न्या. तुमच्या बचत गटाला शिवणकाम येत असेल, तर त्यात चार पैसेही मिळतील. पण ती पिशवी बाळाच्या आईच्या ओटीत घालू नका. ती बाळाच्या बापाच्या हातात द्या, आणि सगळ्यांदेखत विचारा, "कपडे धुवायचा साबण कुठे ठेवतात, ठाऊक आहे ना?" लोक हसतील, हसू देत. ठाऊक नसेल, तर त्या दिवशी तरी कळेल.